सीएसआरएफ बंद करणारी ती एक ओळ

आमचं सॉफ्टवेअर गृहनिर्माण सोसायट्यांसाठी आहे. मेंटेनन्सची बिलं, पावत्या, थकबाकीदारांची यादी, सभेच्या नोटिसा असं सगळं त्यात चालतं. ऑफिस महापेला आणि मी राहते नौपाड्यात. ट्रान्स-हार्बरने घणसोली, पुढे शेअर रिक्षा. ते जावाच्या स्प्रिंग बूट या फ्रेमवर्कवर बांधलेलं आहे. स्प्रिंग बूट २.७ वरून ३ वर जायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा सिक्युरिटीची फाइल नव्याने लिहिणं भागच होतं, कारण जिच्यावर ती उभी होती ती वेबसिक्युरिटीकॉन्फिगररअडॅप्टर ही क्लासच त्याच्या सोबतच्या स्प्रिंग सिक्युरिटी ६ मधून काढून टाकली आहे.

जुनी फाइल उघडली. सीएसआरएफ म्हणजे लॉगिन असलेल्या माणसाच्या नावावर परक्या साइटने गुपचूप रिक्वेस्ट पाठवण्याचा हल्ला. मधोमध त्यापासूनचं संरक्षण डिसेबल केल्याची ओळ आणि वर कॉमेंट: 'पेमेंट परत येताना ४०३ येतं म्हणून.' ४०३ म्हणजे सर्व्हरने परवानगी नाकारली. सेटिंगच्या फाइलमध्ये सेशन कुकीचं (लॉगिनची ओळख ठेवणाऱ्या कुकीचं) सेमसाइट 'नन' करून ठेवलेलं, म्हणजे परक्या साइटवरून आलेल्या रिक्वेस्टबरोबरही ती जाणार. कारण तेच असणार. एका अडचणीपायी दोन्ही दारं उघडी टाकली होती, आणि ती तशीच राहिली होती.

टीम लीड म्हणाले, "सगळं चालतंय ना? मग ती ओळ जशीच्या तशी नव्या फाइलमध्ये आण." मी एक दुपार मागून घेतली. साधं एचटीएमएलचं पान बनवलं, त्यात एक लपवलेला फॉर्म आणि पान उघडताच तो आपोआप सबमिट. टेस्ट सर्व्हरवर खजिनदार म्हणून लॉगिन केलं आणि दुसऱ्या टॅबमध्ये ते पान उघडलं. पान कोरंच दिसलं. पहिल्या टॅबवर येऊन रिफ्रेश केलं, तर बिलावर छापला जाणारा सोसायटीचा बँक खाते क्रमांक बदललेला होता. लीड शेजारीच उभे होते. थोडा वेळ काहीच बोलले नाहीत, मग विचारलं, "किती दिवस लागतील?"

ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी: सेशन कुकी म्हणजे गाडीच्या काचेवरचं सोसायटीचं स्टिकर. वॉचमन स्टिकर बघून गेट उघडतो, आत कोण बसलंय ते बघत नाही. ब्राउझर ती कुकी आपणहून पाठवतो, आणि सेमसाइट 'नन' असलं की मग रिक्वेस्ट आमच्या पानावरून निघालेली असो नाहीतर भलत्याच साइटवरून. सीएसआरएफ टोकन हा दुसरा पुरावा. तो आमच्याच पानात असतो आणि परक्या साइटला वाचता येत नाही. आमचे बरेचसे खजिनदार निवृत्त झालेले काका-काकू आहेत. एका टॅबमध्ये आमचं सॉफ्टवेअर, दुसऱ्यात व्हॉट्सअॅपवर आलेली लिंक. त्यांनी सावध राहावं असं सांगून आमची जबाबदारी संपत नाही.

ती ओळ काढली. थायमलीफचे (सर्व्हरवर पानं बनवणाऱ्या टेम्प्लेटचे) फॉर्म लगेच चालले, कारण फॉर्मवर 'टीएच अॅक्शन' असला की टोकन तो स्वतःच फॉर्ममध्ये घालतो. बाकी ठिकाणी ४०३ सुरू झाले. पेमेंटचा रस्ता वगळण्यासाठी मी आधी 'रिक्वायर सीएसआरएफ प्रोटेक्शन मॅचर' वापरला (मॅचर म्हणजे कोणत्या रिक्वेस्टला नियम लागू ते ठरवणारा): पेमेंटचा पत्ता सोडून सगळीकडे टोकन लागेल, असं लिहिलं. त्यावर लॉगिनचं पानसुद्धा उघडेना! डीबग लॉग चालू केला तेव्हा कळलं. गेट, हेड, ट्रेस आणि ऑप्शन्स या काही न बदलता नुसती माहिती मागणाऱ्या रिक्वेस्टना टोकन लागत नाही हा नियम मूळ मॅचरमध्येच असतो. आपला मॅचर दिला की मूळचा जातो आणि ती सूटही जाते. हवा होता 'इग्नोरिंग रिक्वेस्ट मॅचर्स'. तो मूळ नियम तसाच ठेवून फक्त आपले अपवाद त्यात घालतो. नावं इतकी जवळची आहेत की इथे दिवस जातोच, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

पुढची अडचण जावास्क्रिप्टच्या कॉल्सची. आधी मी टोकन कुकीत ठेवून तिथून वाचत होते, तरी ४०३. आवृत्ती ६ पासून टोकन दर वेळी वेगळा मुखवटा चढवून दिलं जातं, ब्रीच नावाच्या हल्ल्यापासून बचाव म्हणून, आणि परत येणारं टोकनही मुखवट्यासकट यावं अशी अपेक्षा असते. कुकीत मात्र ते उघडं असतं. त्यासाठी वेगळा हँडलर लावता येतो. पण आमची पानं सर्व्हरवरच तयार होतात, तर मी कुकीचा नाद सोडला आणि टोकन पानाच्या मेटा टॅगमध्ये ठेवलं. तिथून उचलायचं, हेडरमध्ये घालायचं. सरळ काम.

खरा वेळ गेला पेमेंटमध्ये. सभासद पेमेंट गेटवेच्या पानावर पैसे भरतो आणि गेटवे त्याला पोस्ट करून (फॉर्म सबमिट करून) आमच्याकडे परत पाठवतो. तो फॉर्म गेटवेने बनवलेला, त्यात आमचं टोकन येणार कुठून? तेव्हा तो पत्ता वगळणं रास्तच. पण मी सेमसाइट 'लॅक्स' केल्यावर नवंच सुरू झालं: पैसे भरून आलेला सभासद थेट लॉगिनच्या पानावर. लॅक्स कुकी परक्या साइटवरून आलेल्या पोस्टबरोबर जात नाही, हे ठाऊक होतं. पण पुढे मी त्याला पावतीच्या पानावर रीडायरेक्ट करत होते, आणि ती गेट रिक्वेस्ट आहे, तिच्याबरोबर कुकी जायला हवी. नेटवर्क टॅबमध्ये एकेक रिस्पॉन्स उघडला. परतीच्या पोस्टच्या उत्तरात 'सेट-कुकी' होतं, नवा जेसेशनआयडी, म्हणजे आमची सेशन कुकीच. आमचा कंट्रोलर ऑर्डर क्रमांक सेशनमधून घेत होता. कुकी आली नाही म्हणून सर्व्हरने नवं सेशन काढलं आणि त्याची कुकी जुन्या कुकीवर चढली.

मग पेमेंटसाठी स्वतंत्र सिक्युरिटी फिल्टर चेन, म्हणजे त्या पत्त्यापुरती सुरक्षेच्या नियमांची साखळी, केली. तिचा क्रम पहिला, सेशन पॉलिसी स्टेटलेस (सेशन न वापरणारी), सीएसआरएफ फक्त तिथे बंद. कंट्रोलर सेशनला हात लावत नाही. ऑर्डर क्रमांक गेटवेच्या माहितीतून घेतो, एचमॅक-एसएचए-२५६ ची (गुप्त किल्लीने केलेली) सही पडताळतो, रक्कम आपल्या डेटाबेसशी ताडून बघतो आणि मगच ३०३ (रीडायरेक्ट) देऊन पावतीकडे पाठवतो. वेबहुकलाही, म्हणजे गेटवेचा सर्व्हर आमच्या सर्व्हरला थेट कळवतो त्यालाही, तसंच. तिथे सही आलेल्या मूळ मजकुरावर तपासायची. तो मजकूर जेसन या रचनेत असतो. तो उलगडून पुन्हा बांधला तर एखाद्या स्पेसच्या फरकाने सही चुकते. वेबहुक दोनदाही येतो, म्हणून एका ऑर्डरची एकच पावती.

मोबाइल अॅप सर्व्हरशी ज्यातून बोलतं त्या एपीआयचं मात्र मला आधी लक्षातच आलं नव्हतं. तिथे बेअरर टोकन आहे, म्हणजे अॅप स्वतः हेडरमध्ये पाठवतं ती ओळख. ते ब्राउझर आपणहून जोडत नाही, म्हणून सीएसआरएफची गरज नाही, असं म्हणून मी तो पत्ता अपवादात टाकला होता. पण चेन एकच होती. ब्राउझरमध्ये लॉगिन असलेल्या माणसाची सेशन कुकीसुद्धा त्या एपीआयला चालत होती. म्हणजे बँक खात्याचं पान बंद केलं आणि तेच काम करणारा एपीआय कुकीवर उघडा राहिला. एपीआयलाही वेगळी स्टेटलेस चेन दिली, तेव्हा कुठे ते भोक बुजलं. पत्ता वगळताना मी आता आधी हेच बघते, की तिथे कुकी चालते का. चालत असेल तर वगळायचं नाही.

टेस्टमध्येही सुधारणा लागली. आमच्या सगळ्या मॉकएमव्हीसी टेस्ट (खोट्या रिक्वेस्ट पाठवून कोड तपासणाऱ्या) टोकन जोडूनच लिहिलेल्या होत्या, त्यामुळे संरक्षण आहे की नाही हे त्या कधी सांगूच शकल्या नसत्या. प्रत्येक महत्त्वाच्या पोस्टसाठी टोकनशिवायची एक टेस्ट घातली, तिने ४०३ द्यायलाच हवं. एपीआयसाठी सेशन कुकी देऊन बेअररशिवायची एक, तिने ४०१ (ओळख पटली नाही) द्यायला हवं.

एक गोष्ट अजून मनासारखी झालेली नाही. काही खजिनदार पान उघडं ठेवून जेवायला जातात, सेशन संपतं, आणि परत येऊन नोंद सेव्ह केली की ४०३. निदान आता तिथे मराठीत 'बराच वेळ झाला, पान पुन्हा उघडा' असा संदेश येतो. भरलेली माहिती वाचवायचं काम पुढच्या रिलीजमध्ये घेतलं आहे.

नवी आवृत्ती चालू झाल्यावर मेंटेनन्स भरायची शेवटची तारीख पहिल्यांदा आली, तेव्हा रात्री साडेदहापर्यंत मी घरी लॅपटॉपवर लॉग बघत बसले होते. पावत्या निघत होत्या. एरवी त्या दिवशी हमखास फोन करणारे कोपरीच्या एका सोसायटीचे सेक्रेटरी काका आहेत. त्यांचाही फोन आला, पण वेगळ्याच कामासाठी: सभेच्या नोटिशीत 'अध्यक्ष' या शब्दाचा 'क्ष' नीट छापला जात नव्हता.