एका मिलिमीटरची फट

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतील एका टॉवेल कारखान्यात पॅकिंग विभागाचा आरएफआयडी रीडर (गठ्ठ्यांवरच्या चिपा रेडिओलहरींनी वाचणारे यंत्र) पत्र्याच्या भिंतीपलीकडच्या गोदामातले गठ्ठेही मोजत होता, त्यामुळे चलनावरचा आकडा आणि प्रत्यक्ष माल यांचा मेळ बसत नव्हता. रीडर ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झवर चालतो. तरंगलांबी सुमारे ३५ सेंटीमीटर. एवढी मोठी लहर पत्र्याच्या भिंतीतून जाते कशी, हा मालकांचा प्रश्न रास्त होता. भिंत निरखून पाहिली, तेव्हा दोन पत्र्यांच्या सांध्यात जेमतेम १ मिलिमीटरची उभी फट दिसली आणि तिच्यावरच्या दोन बोल्टांमधले अंतर १७ सेंटीमीटर, म्हणजे जवळपास अर्धी तरंगलांबी, भरले. अशी फट स्लॉट अँटेनाचे, म्हणजे लहर पलीकडे फेकणाऱ्या खाचेचे, काम करते. मात्र भिंतीला हात लावण्याआधी मालकांना आकडे हवे होते, आणि तेही त्याच दिवशी.

केन यी यांनी १९६६ साली मांडलेल्या एफडीटीडी या संगणकी गणिताच्या पद्धतीत जागेची लहान घरे पाडून विद्युत व चुंबकीय क्षेत्रे काळाच्या छोट्या टप्प्यांनी आळीपाळीने पुढे सरकवतात. गोदामासाठी दीड सेंटीमीटरची घरे पुरतात. फटीच्या रुंदीत मात्र १ मिलिमीटरचे घर लागते, आणि काळाचा टप्पा सर्वांत बारीक मापावर ठरत असल्याने तो ३.३ पिकोसेकंदांवर (पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग) येतो. इतक्या बारीक टप्प्यांनी उत्तर त्याच दिवशी मिळणे कठीण होते. माझा तरुण सहकारी म्हणाला, "सर, एडीआय लावू या, टप्पा हवा तेवढा वाढवता येतो." एडीआय म्हणजे याच पद्धतीचा, तिन्ही दिशा आळीपाळीने इम्प्लिसिट ठेवणारा, म्हणजे शेजारच्या घरांची नवी मूल्ये एकत्र सोडवणारा, प्रकार. ते खरेच आहे, गणित कोसळत नाही. पण टप्पा फार वाढवला की गणितातली लहर खऱ्या लहरीपेक्षा मंद धावते. आमच्या आलेखात अनुनाद, म्हणजे फटीतून सर्वाधिक लहर जाते ती वारंवारता, खालच्या वारंवारतेकडे सरकला आणि ८६६ मेगाहर्ट्झला फट निर्दोष ठरली. आलेख इतका नीटनेटका होता की घाईत कोणीही त्यावर विश्वास ठेवला असता.

मग फक्त फटीच्या रुंदीची दिशा इम्प्लिसिट ठेवली आणि उरलेल्या दोन एक्सप्लिसिट, म्हणजे नवे मूल्य थेट जुन्या मूल्यांवरून काढणाऱ्या. टप्पा आता त्या दोन दिशांच्या दीड सेंटीमीटरवर ठरून ३५ पिकोसेकंदांपर्यंत गेला. दर टप्प्याला त्रिकर्णी समीकरणे (प्रत्येक घर फक्त दोन शेजाऱ्यांशी जोडणारी) सोडवावी लागत असल्याने प्रत्यक्ष वेग दहापट वाढला नाही, तरी दुपारी उत्तर हाती आले: अनुनादाचे शिखर ८६६ मेगाहर्ट्झच्या लगतच होते, म्हणजे दोष फटीचाच होता.

संध्याकाळी फिटरने प्रत्येक दोन बोल्टांच्या मधोमध आणखी एक बोल्ट मारला, तेव्हा पलीकडचे गठ्ठे मोजणीतून गेले. जमिनीलगतचा कोपरा तेवढा राहिला आहे. तिथे फट दोन दिशांनी बारीक असल्याने हीच युक्ती चालणार नाही, आणि एडीआयच, पण लहान टप्प्याने, वापरावी लागेल.