तुम्ही विचारलंत म्हणून : पायात गुठळी होऊनही हॉर्मोन का?

"जिवावर बेतलेलं पायावर निभावलं, मग परत तेच कशाला?" मावशी दर गणपतीत विचारते. ओळखीतल्या, माझ्यासारख्या ट्रान्स मुलीही विचारतात, "ताई, तुला रक्ताची गुठळी झाली होती ना? तरी डॉक्टरांनी हॉर्मोन दिले?" दोघींना माझं उत्तर एकच. मी परत तेच घेतलं नाही.

आधी घेत होते त्या गर्भनिरोधक गोळ्या. मैत्रिणीने नाव सांगितलं, घराजवळच्या मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळाल्या. बदल लवकर दिसावा म्हणून मी एकीच्या तीन केल्या. त्यात एथिनिल एस्ट्राडिओल हे कृत्रिम स्त्री-हॉर्मोन होतं. शरीरातलं एस्ट्राडिओल सहज मोडतं, हे तसं मोडत नाही आणि यकृताला रक्त गोठवणारी प्रथिनं जास्त बनवायला लावतं. ट्रान्स स्त्रियांना ते देऊच नये, असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिलंय. मला तेव्हा हे ठाऊक नव्हतं.

वर ऐरोलीला रात्रपाळी, आठ-आठ तास खुर्चीत. एका सकाळी ठाणे स्टेशनचा पूल चढताना डावी पोटरी ओढल्यासारखी दुखली. चमक भरली असेल म्हणून दोन दिवस बाम चोळला, जे अजिबात करू नये. तिसऱ्या दिवशी चपलेचा पट्टा लागेना.

डॉक्टरांनी गुडघ्याखाली दहा सेंटिमीटरवर टेप लावला. डावी पोटरी उजवीपेक्षा चार सेंटिमीटरने जास्त भरली. मग डॉपलर, म्हणजे शिरांची सोनोग्राफी. चांगली शीर दाबली की चपटी होते. माझी होत नव्हती. पडद्यावरचा तो गोल तसाच राहिला, तपासणाऱ्याने पुन्हा दाबलं, तरी तसाच. "काही गोळ्या घेता का?" त्याने विचारलं. आई शेजारी उभी होती. मी "नाही" म्हटलं.

सगळ्यात जास्त मला त्या "नाही"चं वाईट वाटतं. रात्री सिस्टर पोटात इंजेक्शन द्यायला आल्या तेव्हा हळूच खरं सांगितलं. त्यांनी काही न बोलता केसपेपरवर लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी एक डॉक्टर म्हणाले, "हॉर्मोन आता आयुष्यभर विसरा." कोणती गोळी, किती, कधीपासून, काही विचारलं नाही. मी आठ महिने सगळं बंद ठेवलं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, बंद केलं की धोका संपला. त्या आठ महिन्यांत मी आरशावर टॉवेल टाकून ठेवला होता, नोकरी सोडली होती, आणि रात्री आई माझ्या खोलीच्या दाराशी चटई टाकून झोपायची. हेही कुणीतरी धोक्यात धरायला हवं होतं.

मग रक्तविकारतज्ज्ञ भेटल्या. त्यांनी रिकामं पाकीट मागितलं, उलटं करून मागची बारीक अक्षरं वाचली आणि म्हणाल्या, "हे नाही. पण दुसरा रस्ता आहे का ते बघू." घरात कुणाला गुठळी झाली होती का हे विचारलं, रक्त तपासलं, एंडोक्रायनॉलॉजिस्टशी, म्हणजे हॉर्मोनच्या डॉक्टरांशी, स्वतः बोलल्या. पुढे एस्ट्राडिओलचं, अंगाला लावायचं जेल सुरू झालं. त्वचेतून जाणारं एस्ट्राडिओल गोळीसारखं आधी यकृतातून जात नाही, म्हणून गुठळीचा धोका कमी. कमी, शून्य नाही. हे त्यांनी दोनदा सांगितलं. रक्त पातळ करणारी गोळी सोबत चालूच आहे.

जेल दंडांवर लावून मी पंख्याखाली बसते. वाळलं की लांब बाह्यांचा कुर्ता घालते, तेव्हा कुठे भाचीला उचलून घेते, कारण ते कातडीवरून तिला लागू शकतं. ती दारातूनच ओरडते, "आत्या, वाळलं?"

ऑपरेशनचंही विचारता. मी आधी फक्त वृषण काढून घेतले. ते लहान ऑपरेशन, आणि त्यानंतर टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हॉर्मोन दाबायचं वेगळं औषध लागत नाही. गुठळीनंतरचे पहिले तीन महिने तर टाळता येण्यासारखं कोणतंच ऑपरेशन करत नाहीत. मी वर्षाहून जास्त थांबले. रक्त पातळ करणारी गोळी दोन दिवस आधी बंद केली. हॉर्मोन थांबवावेत का, यावर डॉक्टरांचं एकमत नसतं. माझ्या बाबतीत सर्जन आणि रक्तविकारतज्ज्ञ आपसात बोलले आणि मग मला सांगितलं. संध्याकाळी दुखत असतानाच चालायला लावलं, पायांत घट्ट मोजे. मोठ्या ऑपरेशनचं अजून ठरलेलं नाही.

माझी मात्रा मी कुणालाच सांगत नाही, रागावू नका. पण चिठ्ठीशिवाय काही घेत असाल तर पाकीट उलटं करून वाचा, आणि ते घेऊन डॉक्टरकडे जा. एकच पाय सुजला, दम लागला, छातीत कळ आली, तर थेट कॅज्युअल्टीत, आणि गोळीचं नाव पहिल्या वाक्यात.

आई ब्लाउज शिवते. पाय दुखतोय म्हटलं की अजूनही गळ्यातला टेप काढून दोन्ही पोटऱ्या मोजते, आकडे मापाच्या वहीत मागच्या पानावर लिहिते. परवा दोन्ही चौतीस सेंटिमीटर भरल्या.