पुन्हा कधी भेटायचं?

तिशी ओलांडल्यावर नवीन मैत्रीण मिळते कुठे? शाळेत बाक ठरलेला, हॉस्टेलवर खोली ठरलेली. शेजारी जी येईल तिच्याशी जमवून घ्यायचं. आता ऑफिस घरातच, समोरच्या फ्लॅटचं दार कायम बंद, आणि जुन्या मैत्रिणींपैकी एक टोरांटोत, दुसरी बाळाच्या झोपेच्या वेळापत्रकात.

म्हणून बंबलचं 'बीएफएफ' उघडलं. जोडीदार शोधून देणाऱ्या या ॲपनं २०१६ मध्ये नुसत्या मैत्रीसाठी ही वेगळी सोय केली. आत गेल्यावर कळलं की पुण्यातल्या झाडून सगळ्या बायकांना ट्रेक, कॉफी आणि कुत्री आवडतात. रविवारी दुपारी ताणून द्यायला आवडतं असं लिहिणारी एक सापडेल तर शपथ! अपवाद एकच: 'गणपतीत ढोल वाजवते, उरलेलं वर्ष खांदा शेकते.' तिला ताबडतोब उजवीकडे सरकवलं.

आईला हे सांगितलं, तर म्हणाली, "बायकांशी ओळख करायला फोन कशाला गं? भिशी लाव."

हसण्यावारी नेलं, पण बाईच्या बोलण्यात दम होता. ॲपवरून पहिली भेट सहज ठरते. दोघी वेळेआधी पोचतात, बिल निम्मं निम्मं होतं, "भेटू हं परत" असं दोघी मनापासून म्हणतात. आणि मग? प्रेमाबिमाचा मामला असेल तर दुसऱ्यांदा फोन करायला कारण लागत नाही. मैत्रीत तोच फोन गळेपडूपणा वाटतो. भिशीत हा प्रश्नच येत नाही. पैसे अडकलेले असतात, महिन्याच्या महिन्याला जावंच लागतं.

कॅन्सस विद्यापीठाच्या जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये याचा चक्क तासांत हिशोब मांडला. नुसत्या ओळखीची जुजबी मैत्री व्हायला साधारण ५० तास एकत्र घालवावे लागतात, जिवलग व्हायला २०० च्या वर. ॲप अंतर किलोमीटरमध्ये दाखवतं, तेव्हा वाटतं, हे काय, इथल्या इथे! संध्याकाळी सहाला खराडीहून कोथरूडला निघून बघा. तासच्या तास जातात, पण ते रिक्षावाल्याच्या सोबतीत.

ढोलवालीनं मात्र कॉफीला बोलावलंच नाही. "पथकात माणसं कमी आहेत, नदीपात्रात सरावाला येतेस का?" एवढाच मेसेज. गेले. आता गणपतीपर्यंत रोज संध्याकाळी हजेरी आहे, दांडी मारली की ओरडा बसतो. सराव चालू असताना एकमेकींचं अक्षरही ऐकू येत नाही. गप्पा होतात त्या नंतर, वडापाव खाताना, आणि त्याही बहुतेक वेळा माझं टिपरू कोणी ढापलं यावरच.