लिटल इव्हा डायोरामा अपडेट ३ : लाल माती काढून टाकली

मंडळी, तीन आठवडे काही टाकलं नाही पण टेबलवर या डायोरामाचं (म्हणजे छोट्या आकारात उभा केलेला देखावा) काम चालूच होतं. नवीन लोकांसाठी थोडक्यात, २ डिसेंबर १९४२ ला न्यू गिनीवरच्या मोहिमेवरून आयर्न रेंजच्या तळावर परतणारं लिटल इव्हा नावाचं हे अमेरिकन बी-२४डी लिबरेटर बॉम्बर विमान वादळात वाट चुकलं, इंधन संपत आलं आणि शेवटी ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडमध्ये बर्कटाउनच्या बाजूला मूनलाइट क्रीकजवळ कोसळलं. दहा जणांपैकी तिघंच वाचले. पायलट क्रॉसन आणि विल्सन दहा-बारा दिवसांनी एस्कॉट स्टेशनला पोचले (स्टेशन म्हणजे रेल्वेचं नाही हां, तिकडे गुरांच्या भल्यामोठ्या फार्मला स्टेशन म्हणतात). पश्चिमेकडे चालत गेलेल्या चौघांतला ग्रेडी गॅस्टन तेवढा उरला आणि तो सापडला थेट १४१ दिवसांनी, तिथल्या आदिवासी गुराख्यांना.

तर माती. आउटबॅक (ऑस्ट्रेलियाचा आतला ओसाड भाग) म्हटलं की लाल, म्हणून मी बेसवर गेरू फासला होता, पण बर्कटाउन कार्पेंटेरियाच्या आखाताच्या काठाला आहे, तिथे खारवट सपाट जमीन, करडी-मातकट, भरतीच्या पट्ट्यात मिठाचा पांढरा थर. मग सगळं खरवडलं, चाळलेली काळी माती फेव्हिकॉलमध्ये कालवून थापली आणि मिठासाठी वरून चिमटीने रांगोळी भुरभुरली, ओली असतानाच, म्हणजे कडेला आपोआप विरळ होत जाते. हे फारच छान जमलंय.

१/७२ मध्ये (म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्श्याच्या मापात) पंखांची लांबी साडेशेहेचाळीस सेंटीमीटर येते, म्हणून एकच पंख आणि शेपटी ठेवतोय. पत्र्यासाठी ब्लेडच्या पाठीने प्लॅस्टिक आतून कागदाएवढं घासलं. विमान पडल्यावर पेटलं होतं, आणि ॲल्युमिनियम साधारण ६६० डिग्रीला वितळतं, म्हणून सोल्डर वायर वितळवून फरशीच्या तुकड्यावर थेंब पाडले, गार झाल्यावर चपटे, सुरकुतलेले, अगदी तसेच दिसतात. चौदा सिलिंडरचं इंजिन इथे जेमतेम रुपयाच्या नाण्याहून लहान होतं, त्याला मात्र गंज दिलाय, कारण पोलाद गंजतं आणि पत्रा नुसता फिका पडतो.

माणसांच्या फिगर ठेवणार नाही, विमानाबरोबर तिथेच गेले त्यांची ती जागा आहे, माझं मन होत नाही.

आता गवत बाकी आहे, काथ्याचे धागे बारीक कापून ठेवलेत. पावसाळ्याआधीचं वाळकं गवत दाखवायला कुणी काथ्या रंगवलाय का, की तसाच लावू?