आमची वाटचाल : काळ्या कागदापासून

आमचा मूळ धंदा समारंभांचे फोटो काढण्याचा. काम कमी असलेल्या महिन्यांत मुलांचा फोटोग्राफीचा वर्ग घ्यावा, एवढ्याच विचाराने सुरुवात झाली. पहिल्या तुकडीत पाच मुलं, त्यातली दोन नात्यातलीच. मी फळ्यावर ॲपर्चर (भिंगाचं भोक किती उघडं), शटर (प्रकाश किती वेळ आत), आयएसओ (प्रकाशाला कॅमेरा किती संवेदनशील) असा त्रिकोण काढून तासभर बोललो. चौथ्या वर्गाला दोघंच उरली. त्यातल्या एकीने विचारलं, "सर, पण फोटो आत जातो कसा?"

इतकी वर्षं कॅमेरा गळ्यात वागवूनही तिला पटेल असं उत्तर मला देता येईना.

पुढच्या वेळी खोलीच्या खिडक्यांना काळा कागद चिकटवला आणि त्याला करंगळीच्या टोकाएवढं भोक पाडलं. बाहेर लख्ख ऊन होतं. डोळे अंधाराला सरावायला पाच-सात मिनिटं गेली आणि समोरच्या भिंतीवर झाडं उलटी उमटली. बाहेर उभ्या असलेल्या माझ्या भागीदाराने हात हलवला, तर भिंतीवर तो खाली डोकं वर पाय अशा अवस्थेत हात हलवत होता. मुलं किंचाळलीच! प्रकाश सरळ रेषेत जातो, म्हणून वरचं खाली येतं, हे मग एका वाक्यात समजलं.

तेव्हापासून पहिल्या वर्गात आम्ही कॅमेरा देतच नाही. दुसऱ्या वर्गात सायनोटाइप असतो. इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी १८४२ साली शोधलेली ही पद्धत. रसायन लावलेल्या कागदावर पान ठेवायचं, उन्हात धरायचं, साध्या पाण्यात धुवायचं. पानाच्या जागी पांढरं, बाकी गडद निळं. पालक विचारतात, आता हे जुनं कशाला? पण ढग आले की कागद जास्त वेळ ठेवावा लागतो, हे ज्याने स्वतः केलंय त्याला शटर स्पीड, म्हणजे शटर किती वेळ उघडं ठेवायचं ते, वेगळा समजवावा लागत नाही. १/३० सेकंदावर पळणारा मित्र फोटोत फरकाटतो, १/५०० वर हवेत थांबतो, हे तो आपणच करून बघतो.

कॅमेरा हातात आल्यावर एका वर्गात बाराच फोटो. फोटोत काय घ्यायचं, काय सोडायचं ती चौकट आम्ही सुधारत नाही; मुलांच्या उंचीवरून जग जसं दिसतं, तसं आम्हाला आता दिसत नाही.

दोन वर्षं वर्गाचा खर्च समारंभांच्या कामातूनच निघाला, कॅमेरेही जुनेच घेतले. तुकडी आजही लहानच, आठांची ठेवली आहे. काळा कागद चिकटवायला आता आधीच्या तुकड्यांतली मुलं येतात. कुठे बारीक फट राहिली, तर ती आमच्याआधी त्यांना दिसते.