तीन खुणांचा फॉर्म

माझ्या पिकअपला तीन वर्षं झाली तेव्हा टपालाने एक लांबलचक फॉर्म आला होता. गेल्या बारा महिन्यांत गाडीत काय काय बिघडलं त्यावर खुणा करायच्या. रात्री जेवणं आटोपल्यावर मी तो अगदी प्रामाणिकपणे भरला. फोन ब्लूटूथला धड जोडला जात नाही, एक खूण. पलीकडच्या दाराशी वाऱ्याचा आवाज येतो, दुसरी. टचस्क्रीन किचकट आहे, तिसरी.

त्याच हिवाळ्यात माझ्या मेव्हण्याची पिकअप, दुसऱ्या कंपनीची, चढावर ट्रेलरसकट थांबली ती थांबलीच. गिअरबॉक्स गेला होता. वॉरंटीत बदलून मिळाला, पण अकरा दिवस गाडी वर्कशॉपात पडून, आणि त्याचं पोट सामान पोचवण्यावर. त्यालाही तसाच फॉर्म आला. त्याने एक खूण केली.

हे फॉर्म जे.डी. पॉवरचे, म्हणजे गाडीमालकांचे सर्व्हे करणाऱ्या अमेरिकन कंपनीचे. तिचा टिकाऊपणाचा अभ्यास निकाल देतो तो दर शंभर गाड्यांमागे किती तक्रारी, या मापात. आकडा जितका कमी तितकी गाडी चांगली. सगळे माझ्यासारखे असते तर माझं मॉडेल ३००वर गेलं असतं, आणि सगळे मेव्हण्यासारखे असते तर त्याचं १००वर. ज्या गाडीने मला एकदाही रस्त्यात सोडलं नाही ती तिप्पट वाईट ठरली असती. हे लक्षात आलं त्या दिवसापासून मी हे अहवाल वाचायची पद्धतच बदलली.

जे.डी. पॉवरची यात लबाडी आहे असं मला वाटत नाही. गाड्यांच्या कंपन्या ही माहिती विकत घेतात, आणि स्क्रीन लोकांना वैताग देते हे कळणं त्यांच्या कामाचंच आहे. पहिला नंबर आला की तो पुरस्कार जाहिरातीत वापरायचे पैसेही त्या मोजतात, तेवढं मात्र ध्यानात ठेवावं. माझा आक्षेप आपल्या वाचण्यावर आहे. त्यांनी विचारलेलं असतं, ‘पहिल्या मालकाला, तिसऱ्या वर्षात, काय खटकलं?’ आपण वाचतो, ‘ही गाडी पंधरा वर्षं ओझं ओढेल का?’

आकड्यांमधल्या फरकाचंही तसंच. २०२५च्या अहवालात सगळ्या ब्रँडची सरासरी २०२ होती आणि सर्वांत वर असलेल्या लेक्ससचा, म्हणजे टोयोटाच्याच महागड्या ब्रँडचा, आकडा १४०. म्हणजे सरासरी गाडीला वर्षात दोन तक्रारी, सर्वोत्तम ब्रँडच्या गाडीला दीडच्या जरा खाली. फरक खरा आहे, पण यादीत पहिला आणि पंधरावा म्हटलं की वाटतो तेवढा नाही. आणि एखाद्या मॉडेलचे दोनशेच फॉर्म आले असं धरलं, तर त्याचा आकडा नुसत्या योगायोगाने वीसेक इकडे किंवा तिकडे सरकू शकतो. त्यामुळे १९० आणि २०० यांतला फरक मी मोजतच नाही.

कन्झ्युमर रिपोर्ट्सवर माझा विश्वास जास्त आहे. १९३६पासून ना-नफा चालणारी संस्था, जाहिराती घेत नाही, आणि ती आपल्या सभासदांना त्यांना गंभीर वाटलेले बिघाड विचारते. इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक असं वेगवेगळं दाखवते आणि इंजिनाच्या बिघाडाला किरकोळ खुळखुळाटापेक्षा जास्त वजन देते. मला हवी ती खूण इथे सापडते. पण नव्या गाडीबद्दल ती सांगते तो अंदाज असतो, त्याच मॉडेलच्या मागच्या काही वर्षांवरून बांधलेला, आणि मॉडेल पार बदललं असेल तर बहुतांशी ब्रँडच्या जुन्या लौकिकावरून. टोयोटाच्या टुंड्रा या पिकअपचं पाहा. ५.७ लिटरच्या व्ही-८ इंजिनाने वर्षानुवर्षं नाव कमावलं. २०२२ला ते जाऊन दोन टर्बोंचं व्ही-६ आलं, आणि मे २०२४मध्ये टुंड्रा आणि लेक्सस एलएक्स मिळून सुमारे एक लाख गाड्या परत बोलावल्या गेल्या. कारखान्यात यंत्रकामाचा कचरा इंजिनात राहून गेला होता. नाव तेच, इंजिन वेगळं, आणि लौकिक जुन्या इंजिनाचा.

मला सर्वांत जास्त छळतो तो काळाचा प्रश्न. टोयोटाचीच लहान पिकअप टाकोमा म्हणजे भरवशाचं दुसरं नाव, पण तिची चेसिस, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, गंजून भोकं पडायची. २०१६मध्ये त्यावरच्या मालकांच्या दाव्यात तडजोड झाली. २००५ ते २०१०च्या टाकोमा, शिवाय काही टुंड्रा आणि टोयोटाच्याच सिकोया एसयूव्ही, अशा सुमारे १५ लाख गाड्या होत्या, आणि तडजोडीची किंमत अंदाजे ३.४ अब्ज डॉलर धरली गेली. गंज तिसऱ्या वर्षी बोलत नाही. मालक खाली वाकून पाहत नाही, मग फॉर्मवर खूण कुठून येणार? फोर्डचं ५.४ लिटरचं, दर सिलिंडरला तीन व्हॉल्व्हचं ट्रायटन इंजिन घ्या, २००४च्या एफ-१५० पिकअपमध्ये आलेलं. त्याचे स्पार्क प्लग काजळीने आत धरून बसायचे आणि काढताना तुटून खालचा तुकडा इंजिनाच्या हेडमध्येच राहायचा. प्लग बदलायची वेळ एक लाख मैलांवर. तोवर सर्व्हे भरणारे पहिले मालक बरेचदा गाडी विकून मोकळे, आणि प्लग तुटतो तो दुसऱ्याच्या हातात.

शिवाय पिकअप ही एक गाडी नसतेच. एकाच एफ-१५०मध्ये चार-पाच इंजिनं मिळतात, आणि एकच मॉडेल कुणी रोज ऑफिसला नेतो, कुणी त्याच्यामागे नऊ हजार पौंडांचा ट्रेलर लावतो. मेव्हण्याने घेतलेल्या मॉडेलला कन्झ्युमर रिपोर्ट्सच्या गिअरबॉक्सच्या रकान्यात चांगला शेरा होता. तो शेरा खोटा नव्हता, पण बहुतेक ज्यांनी कधी ट्रेलर जोडला नाही त्यांचा होता.

आता मी सलग चार-पाच वर्षांचे शेरे शेजारी ठेवून पाहतो. एकाच भागावर वर्षानुवर्षं लाल खूण असेल तर ती गाडी सोडून देतो, मग बाकीचं कितीही चांगलं असो. त्यानंतर एनएचटीएसए या अमेरिकी सरकारच्या रस्ते-सुरक्षा संस्थेच्या साईटवर त्या गाडीचे रिकॉल, मालकांच्या तक्रारी आणि कंपनीने मेकॅनिकांना पाठवलेली पत्रकं फुकट वाचायला मिळतात. ती पत्रकं कंटाळवाणी असतात, पण कुठल्या इंजिनात, कुठल्या वर्षी, नेमकं काय तुटतं ते मला त्यांच्याइतकं स्पष्ट दुसरीकडे कुठे सापडलं नाही. तक्रारींची नुसती संख्या मोजू नये. जास्त खपलेल्या गाडीच्या तक्रारी जास्त असणारच.

गेल्या महिन्यात मेव्हण्यासाठी नऊ वर्षांची एक गाडी पाहायला गेलो. दोन्ही अहवालांत वरची, आतून चकचकीत, विकणारे गृहस्थ सज्जन. मी उताणा पडून टॉर्च लावला आणि मागच्या चाकाच्या वर, स्प्रिंग बसते तिथे, चेसिसवर हातोडीने हलकेच ठोकत गेलो. चार ठिकाणी टणटण वाजलं. पाचव्या ठिकाणी आवाज बसका आला आणि तळहाताएवढा पापुद्रा सुटून माझ्या छातीवर पडला.

‘‘काय झालं, दाजी?’’ बाहेरून मेव्हण्याने विचारलं.

मी पापुद्रा त्याच्या हातात दिला. त्याने तो उलटापालटा करून पाहिला, दोन बोटांत चुरला, आणि त्या गृहस्थांचे आभार मानून आम्ही निघालो.