समोसे खाल्ले म्हणून काम नव्हतं?

मागच्या महिन्यात सिव्हिल लाइन्सला सामाजिक संस्थांचा मेळावा होता, संध्याकाळी सहाला. मला ताप, म्हणून फील्डवरच्या ताईंना पाठवलं. "जाऊन या, ओळखी होतील." झाल्या. सकाळी रबरबँड लावलेली अकरा कार्डं माझ्या टेबलावर, प्रत्येकाच्या मागे पेननं नोंद: 'शिलाई मशीन देऊ शकतात', 'नुसते फोटो काढतात'.

सोबत ऑटोचा हिशोब. रात्री साडेनऊला मानेवाड्यापर्यंत, 220 रुपये. तासांचा रकाना कोरा.

"ताई, तास का नाही लिहिले?"

"सर, ते काम थोडीच होतं? समोसे खाल्ले ना."

लाजच वाटली. हे त्यांना शिकवलं मीच. बजेटमध्ये आम्ही प्रवास मांडतो, बॅनर मांडतो, ओळखी वाढवायचे तास कधीच नाही. माझं ठीक आहे, ओळखी माझ्याच नावावर जमा होतात. त्यांच्या वाट्याला घरची बोलणी अन् गार जेवण.

2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात जादा कामाला दुप्पट दर आहे. आम्ही सहाच जण, त्यामुळे तो आम्हाला बहुतांशी लागू नाही. ही पळवाट मी बरीच वर्षं वापरली.

आता मी पाठवलं तर जाण्यायेण्यासकट तास मोजायचे. दुप्पट झेपत नाही, खरं तेच सांगतो. साधा दर, नाहीतर तेवढी सुटी, निवड त्यांची. अन् कुणी स्वतःहून गेलं तर? खजिनदार म्हणतात, "उद्या हळदीकुंकवाचेही तास लावतील!" भांडण सुरू आहे.

मशीनवाल्यांचा फोन काल आला. ताईंच्याच नंबरवर.